हात केव्हा आला?

८ फेब्रुवारी

वकीलबाईंची गाडी अखेर आली. दोन माणसांची, उघड्या टपाची, गडद हिरवी, वयाने माझ्याहून थोडी लहान. सहा सिलिंडर, तीन कार्ब्युरेटर, आणि बॉनेट एवढं लांब की आधी गाडी येते आणि मागाहून बाई येतात. स्वतः चालवत आल्या. उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात डोंगर चढणीची स्पर्धा आहे. क्लबातले सगळे म्हणतात, बाई, गाडी म्हातारी झाली. मला आकडा हवाय. छापील."

दादा बॉनेटवर हात ठेवून इंजिन ऐकत होता. "किती हवाय?"

"कंपनीच्या पुस्तकात दोनशे दहा हॉर्सपॉवर लिहिलंय."

"पुस्तकातले घोडे पुस्तकातच चरतात," दादा म्हणाला. "एकशे ऐंशी निघाले तरी नशीब समजा."

बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही काय म्हणता?"

"दोनशे काही अशक्य नाही," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. दादाने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

आमच्या धंद्यातले लोक दादाला 'कान' म्हणतात आणि मला 'काटा'. दादा इंजिन ऐकून लावतो, मी ते रोलरच्या मशीनवर चढवून मोजतो. पण लोक येतात ते कानासाठी. मोजून घेतात ते जाता जाता, आलोच आहोत तर म्हणून. मशीन आणलं त्या दिवशी वहिनी म्हणाली होती, "भाऊजींचं लग्न जमलं एकदाचं." तेव्हा मीही हसलो होतो.

१० फेब्रुवारी

आज नुसती तयारी. गाडीची मागची चाकं जमिनीत बसवलेल्या रोलरवर, चारी बाजूंनी पट्टे आवळलेले, समोर मोठा पंखा. गाडी जागची हलत नाही, चाकं रोलर फिरवतात, आणि रोलर कसा फिरतो त्यावरून मशीन इंजिनाची ताकद काढतं. मी आत सीटवर, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, डोळे स्क्रीनवर. दादा पुढच्या चाकाजवळ स्टुलावर. इंजिनाच्या अंगावर त्याने तांब्याची एक नळी स्क्रूने आवळलेली असते. नळीला रबरी पाइप आणि पाइपाचं दुसरं टोक कानांवर घालायच्या जाड झाकणांत. इंजिनाच्या पोटातलं सगळं त्याला त्यातून ऐकू येतं. पेट्रोल आत अवेळी भडकायला लागलं की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. जोरात असताना ते थोडा वेळ जरी चालू राहिलं तरी पिस्टन जातो.

दादा डोळे मिटून ऐकतो. उजवा हात मांडीवर. नॉकिंग ऐकू आलं की त्याचा हात वर, आणि हात दिसला की माझा पाय वर. आमचा एवढाच कायदा. इंजिन शांत झालं की तो विचारतो, "हात केव्हा आला?" डोळे मिटलेले असतात ना, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा कुठे होता ते त्याला दिसत नाही. मी म्हणतो, "पाच हजार दोनशेला." मग तो त्या हिशेबाने टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागेपुढे करतो. मी सांगितलेला आकडा त्याने कधी तपासून पाहिला नाही. पाहणार तरी कसा? मशीन सगळं नोंदवतं, दादाचा हात नोंदवत नाही.

१३ फेब्रुवारी

पहिल्यांदा एकशे एकाहत्तर आले. दादाने तिन्ही कार्ब्युरेटर एका सुरात आणले, पेट्रोलचे दोन जेट बदलले, एकशे चौऱ्याऐंशी. टायमिंग किंचित पुढे घेतलं, एकशे ब्याण्णव. दादा हात पुसत म्हणाला, "बस. हिचं पोट भरलं."

बाई दारात उभ्या होत्या. "दोनशेला आठच कमी आहेत हो!"

"आठच कमी आहेत म्हणूनच थांबायचं, बाई."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी दादाकडे. दादाला कोणालाच नाही म्हणता येत नाही, मला तर नाहीच नाही. म्हणाला, "बरं. उद्या सकाळी हवा थंड असेल. थंड हवा दाट असते, थोडं जास्त देते. टायमिंग जरासं आणखी पुढे घेतो, पण एकदाच. मग कितीही येवोत, मी हात धुतले."

१४ फेब्रुवारी

दोनशे तीन! बाईंनी कागद तिथल्या तिथे छापून घेतला. फोनवर बोलायला बाहेर गेल्या होत्या, परत येईपर्यंत आकडा तयार. मला म्हणाल्या, "काटेसाहेब, तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं होतंत!" माझ्या मशीनवर या जातीच्या गाडीचा इतका मोठा आकडा कधी आला नव्हता.

दादाने नेहमीसारखं विचारलं. मी सांगितलं, हात सहा हजारांच्या वर आला. तो म्हणाला, "एवढा उशिरा?" आणि तांब्याची नळी सोडवायला लागला.

१५ फेब्रुवारी

काल लिहिलं त्यातलं एक वाक्य खोटं आहे. इथेही खोटंच लिहायचं तर वही कशाला ठेवायची?

हात पाच हजार चारशेला वर आला. मी पाहिला. स्वच्छ पाहिला. कोपरापासून सरळ वर, दादाचा हात नेहमी येतो तसा. स्क्रीनवर एकशे शहाण्णव होते आणि आकडा चढत होता. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. मी म्हटलं, आता दोनच. पाय काढायचा होता, मी तो दाबून धरला. तीन सेकंद असतील, चार असतील. दादाचा हात वरच होता. मग त्याने तो हलवलासुद्धा. दोनशे तीन दिसले आणि मी पाय काढला. तोवर त्याचा हात खाली आला होता, कान दाबून धरायला.

त्याने विचारलं, "हात केव्हा आला?" आणि माझ्या तोंडून निघालं, "आत्ता, शेवटी. सहाच्या वर." ठरवून नाही बोललो. पण बोललो तर खरा.

काही झालंही नसेल. इंजिन नीट चालू आहे. काही झालं असेल तर सांगून टाकीन.

१६ फेब्रुवारी

दादाने प्लग काढले. प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असलं की इंजिनाची तब्येत ठीक. पाच प्लग तसेच होते. पाचव्या सिलिंडरचा प्लग त्याने भिंगाखाली धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग मला दिला. पांढऱ्या चिनी मातीवर चंदेरी ठिपके, सुईच्या अग्राएवढे.

"पिस्टनचं मांस आहे ते," दादा म्हणाला.

मला सांगायचं होतं. मी म्हणालो, "उघडून बघू या आधी."

१८ फेब्रुवारी

उघडलं. पाचव्या पिस्टनची कड कुरतडली गेली आहे, वरची रिंग तुटली आहे. बाईंना बोलावलं. मी वाक्य तयार करून ठेवलं होतं, खरंच ठेवलं होतं. पण बाई आत आल्या आल्या दादा उठून उभा राहिला.

"बाई, हे माझ्या हातून झालं. मी हात उशिरा वर केला. पिस्टन आम्ही आमच्यातर्फे बसवून देऊ."

बाई काही कमी बोलणाऱ्या नाहीत, पण गप्प झाल्या. दादासारख्या माणसाने एवढं सरळ सांगितल्यावर कोण काय बोलणार? मी खाली वाकून पाना शोधत होतो. पाना माझ्या खिशातच होता.

आता सांगायचं तर दादाला बाईंसमोर खोटं पाडल्यासारखं होईल. हे पटण्यासारखं कारण आहे. निदान आज पटतंय.

२१ फेब्रुवारी

दुपारी चहा घेताना दादा म्हणाला, "छोट्या, एक विचारू?" पन्नाशी उलटली तरी मी छोट्याच आहे.

"विचार की."

"त्या दिवशी मला वाटलं, मी हात आधीच वर केला होता. खडे वाजले, मी हात वर केला आणि तू थांबलाच नाहीस. मी हात हलवलासुद्धा, असं मला आठवतंय."

हीच ती वेळ होती. त्याने दार उघडून धरलं होतं, मला नुसतं आत जायचं होतं.

"मग?" मी म्हणालो.

"मग काय? हात दिसूनही तू थांबला नाहीस, असं होईल का कधी? इतक्या वर्षांत झालं नाही." तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत होता. "म्हणजे मला वाटलं हात वर केला, आणि तो मांडीवरच होता. बाबांचं असंच सुरू झालं होतं. आठवतं? कप खाली ठेवला म्हणायचे आणि कप हातातच असायचा."

मी म्हणालो, "काहीतरीच काय, दादा!" एवढंच. बाबा शेवटची वर्षं स्वतःच्या हाताने जेवू शकत नव्हते. दादाच भरवायचा.

२५ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. आवाज दबका, म्हणजे दादा घरातच असणार.

"भाऊजी, यांना काय झालंय? सकाळपासून खुर्चीत डोळे मिटून बसतात. मला म्हणतात, चमच्याने ताटलीवर वाजव. मी वाजवते, हे हात वर करतात आणि विचारतात, 'आला का? खरंच आला का?' मी म्हणते आला. यांचा विश्वासच बसत नाही. म्हणतात, तू माझं मन राखायला म्हणतेस."

मी काहीतरी पुटपुटलो.

"तुम्ही समोर होतात ना त्या दिवशी? खरंच उशीर झाला होता?"

"थोडासा," मी म्हणालो.

खोटं एकदा तोंडातून निसटलं असेल, हे दुसऱ्यांदा नाही निसटलं. 'थोडासा' हा शब्द मी निवडून काढला. जेवढं खोटं कमी तेवढं पाप कमी, अशी काही माझी समजूत असावी. फोन ठेवल्यावर वर माझ्या खोलीत जाऊन नुसता बसून राहिलो. माझी मलाच किळस आली.

२ मार्च

दादा नसांच्या डॉक्टरांकडे जाऊन आला. काही सापडलं नाही. कानही तपासले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. मला इतका आनंद झाला की मी दादाची पाठ थोपटली. मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. मला आता काही सांगायची गरजच नाही.

दादा म्हणाला, "सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. बाबांनाही आधी काहीच सापडलं नव्हतं."

५ मार्च

नॉकिंग ओळखणारा सेन्सर मागवला होता, तो आज आला. इंजिनाला लावायचा, आत खडे वाजले की स्क्रीनशेजारी लाल दिवा लागतो. दादाला आधार म्हणून मागवला आहे. त्याच्यावर सगळा भार नको. त्याला समजावून सांगितलं, त्याने मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "चांगलं आहे. हा डोळे मिटत नाही."

वहिनी डबा घेऊन आली होती. दिव्याकडे पाहून म्हणाली, "कानामागून आला आणि तिखट झाला." बोलली मशीनला, पण पाहत माझ्याकडे होती. मला हसू आलं नाही. वहिनी हल्ली कशावरूनही टोचून बोलते.

दुपारी क्लबातले एक दंतवैद्य आपली गाडी घेऊन आले. दादा समोर उभा असताना मला म्हणाले, "तुम्हीच बघा, मशीनवर. बाईंचा दोनशे तीनचा कागद पाहिलाय मी." आजवर असं कोणी म्हटलं नव्हतं. मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं हे खरं आहे.

९ मार्च

बाईंचं इंजिन पुन्हा उभं राहिलं. नवा पिस्टन, नव्या रिंगा. जोडणी सगळी दादाने केली, पण प्रत्येक बोल्ट आवळला की मला हाक मारायचा. "बघ रे, बसलाय ना?" मी पाना लावून पाहायचो. सगळे बसलेले होते. दादाने आवळलेला बोल्ट मी तपासायचा! एके काळी असं कोणी सुचवलं असतं तर मीच त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

मोजायच्या वेळी तो स्टुलावर बसला नाही. कानांची झाकणं माझ्या हातात दिली. "तू ऐकून बघ."

मी ऐकलं. नुसता गडगडाट. त्यात खडे कुठले आणि इंजिन कुठलं, मला काही कळेना. झाकणं खिळ्याला अडकवली आणि लाल दिव्याच्या भरवशावर टायमिंग लावलं. जपून, बरंच मागे. एकशे शहाऐंशी आले.

बाई म्हणाल्या, "माझे सतरा घोडे कुठे पळाले?"

"ते आले तसे गेले, बाई," मी म्हणालो. त्यांना तो विनोद वाटला.

१७ मार्च

काल स्पर्धा झाली. बाईंची गाडी मधेच कुठेतरी आली, ना पुढे ना मागे. त्याबद्दल त्यांना फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. आज इथे आल्या होत्या, जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एक विचारते, राग मानू नका. क्लबात सगळे बोलतायत की तुमच्या दादांचा कान गेला. हातही चालत नाही म्हणतात. खरं का हो? वाईट वाटतं. आम्ही इथे यायचो ते त्यांच्यासाठी."

दादा तेव्हा मागच्या खोलीत कार्ब्युरेटर धूत होता. हल्ली तेवढंच काम मागून घेतो. दार उघडं होतं. त्याने ऐकलं, कारण ब्रश थांबला. कान गेला म्हणे! भिंतीपलीकडची कुजबुज ऐकू येते त्याला.

मी बाईंना म्हणालो, "तसं काही नाही." बाईंनी मान हलवली, आपण आजारी माणसाच्या नातेवाईकांसमोर हलवतो तशी.

खाई त्याला खवखवे म्हणतात. महिना झाला, माझा घसा बसलेलाच आहे. उद्या सांगणार. दादाच्या घरी जाऊन, वहिनीसमोर.

१८ मार्च

सांगितलं.

सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. हात पाच हजार चारशेला आला, मी पाहिला, आकड्यासाठी पाय दाबून धरला, नंतर खोटं बोललो. दादा जेवणाच्या टेबलाशी बसला होता. वहिनी ओट्याशी, पाठमोरी. मी बोलत असताना ती वळली नाही, पण नळ तिने बंद केला.

माझं संपलं तेव्हा मी दादाकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठेल, मारेल. बरं झालं असतं. तो उठला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शाळेत माझ्या हातून काच फुटली होती. तेव्हाही तूच पुढे झाला होतास. 'मी फोडली' म्हणून."

"दादा, ते वेगळं. हे खरं आहे."

"तेव्हाही हेच म्हणाला होतास." तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते. "अरे, तू आकड्यासाठी इंजिन मारशील? तू? दुसऱ्याच्या गाडीला ओरखडा गेला तर तुला घास जात नाही. तुझ्या वहिनीने सांगितलं ना तुला, मी घरी काय करतो ते? म्हणून आलास."

मी शपथ घेतली. बाबांची घेतली. मशीनचा कागद दाखवला, या इथे बघ, पाच हजार चारशे. त्याने कागद पाहिला. त्यावर एक गुळगुळीत चढती रेघ आहे, हात कुठेच नाही. माझ्याजवळ पुरावा म्हणून माझा शब्द आहे, आणि माझ्या शब्दावर त्याचा इतका विश्वास आहे की पहिला शब्द तो सोडायला तयार नाही. दुसरा त्याला माया वाटते. मी किती चांगला आहे, हे तो मला समजावत राहिला. मी मान खाली घालून ऐकत राहिलो.

वहिनी फाटकापर्यंत आली. "खरं बोललात ना आज?"

"हो."

"मग मी फोनवर विचारलं, तेव्हा 'थोडासा' का म्हणालात?"

मी फाटकाची कडी काढली. तिने शिव्या द्यायला हव्या होत्या. ती एवढंच म्हणाली, "आता तुम्ही कितीही घसा फोडलात तरी पालथ्या घड्यावर पाणी. बोलून नाही व्हायचं. यांना पुन्हा स्टुलावर बसवा. हात वर येऊ दे, आणि तुमचा पाय त्या हाताला थांबू दे. तेव्हा यांचं यांनाच कळेल."

हे मला सुचायला हवं होतं.

२२ मार्च

बाईंची गाडी मागून आणली आहे. काय करणार ते अर्धवट सांगितलं. "दादांसाठी ना? मग महिनाभर ठेवा," म्हणाल्या. दादा तयार नव्हता. वहिनीने त्याच्याशी काय बोलणं केलं ठाऊक नाही, पण उद्या येतो म्हणाला.

सेन्सरची वायर काढून ठेवली. लाल दिवा नको. उद्या फक्त हात. हात येईपर्यंत पाय हलवायचा नाही, काही झालं तरी. पिस्टन गेला तर जाऊ दे, मी दुसरा बसवीन. मला कित्येक दिवसांनी हलकं वाटतंय.

२३ मार्च

सकाळी दादा आला. वहिनीही आली, दाराशी बाकावर बसली. दादाने टायमिंग स्वतः लावलं, महिन्याभरात पहिल्यांदा. आधी बोटं चाचपडत होती, मग लागली कामाला. मी जपून लावलेल्या खुणेपासून त्याने ते बरंच पुढे घेतलं आणि थांबला. इंजिन ऐकून आणखी केसभर पुढे घेतलं. तो माझा जुना दादा होता. मला रडू येत होतं आणि मी पट्टे तपासत राहिलो.

मग तो स्टुलावर बसला, झाकणं घातली, डोळे मिटले, उजवा हात मांडीवर ठेवला. मी पाय दाबला.

तीन हजार. चार हजार. स्क्रीन मी मुद्दाम पलीकडे वळवून ठेवला होता, समोर फक्त गाडीचा स्वतःचा काटा आणि दादाचा हात. पाच हजार. हात मांडीवर. पाच हजार चारशे. हात मांडीवर. बोटंसुद्धा हलली नाहीत. इंजिन ओरडत होतं. मला वाटलं, खडे वाजतायत. नक्की वाजतायत, आणि याला ऐकू येत नाहीये, किंवा ऐकू येतंय आणि हात उठत नाहीये. बाबांचा कप डोळ्यांसमोर आला. पाच हजार सहाशे. हात मांडीवरच.

माझा पाय उठला. मी उठवला नाही, उठला.

रोलर थांबला. दादाने डोळे उघडले. आपल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी हात वर केला होता?"

"नाही."

"मग पाय का काढलास?"

"मला वाटलं... खडे वाजले असं वाटलं."

"मला नाही वाजले." त्याने झाकणं काढली आणि कापडाने हळूहळू पुसली. "वाजले असतील. मला कळले नसतील."

"नाही दादा, मलाच भास झाला. मला त्यातलं कुठे काय कळतं?"

"छोट्या, तुझा पाय आजवर कधी चुकला नाही."

हे त्याने मनापासून म्हटलं.

मी धावत जाऊन प्लग काढले. गरम होते, बोटं भाजली. सहाच्या सहा बिस्किटाच्या रंगाचे, कुठे ठिपका नाही. काहीच वाजलं नव्हतं. त्याने हात वर केला नव्हता, कारण वर करण्यासारखं काही नव्हतं. तो नीट ऐकत होता. महिनाभर मी सगळ्यांना मानू दिलं की दादाचा हात उशिरा येतो, आणि आज ते मलाच पटलं. मी पाय दाबून पिस्टन मारला, तेव्हा त्याचं काय गेलं होतं? काहीच नाही. आज गेलं.

मी प्लग त्याच्यासमोर धरले. "बघ ना. स्वच्छ आहेत. तू बरोबर होतास, दादा. मी तुझा हात येईपर्यंत थांबायला हवं होतं."

त्याने पाचवा उचलला, भिंगाशिवायच पाहिला आणि माझ्या तळहातावर परत ठेवला.

"स्वच्छ असणारच," तो म्हणाला. "तू वेळेवर पाय काढलास."

वहिनीने त्याचा कोट आणून दिला. दादाने निघताना माझी पाठ थोपटली. ते गेल्यावर मी प्लग परत बसवले आणि गाडी रोलरवरून खाली उतरवली.